अमेरिकन विद्यापीठाची टेनिस कोर्टं पुण्यात बसून कशी पारखायची?

बेसलाइन_पुणे

नमस्कार मंडळी. मुलगी बारावीत आहे. पुढच्या ऑगस्टपासून अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळायचं जवळपास ठरलंय आणि दोन विद्यापीठांच्या कोचशी बोलणी बरीच पुढे गेली आहेत. नावं इथे लिहीत नाही. दोन्ही एनसीएए (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातली.

पहिलं विद्यापीठ मिडवेस्टमध्ये. १२ आउटडोअर कोर्टं आहेत, स्वतःचं इनडोअर नाही, पण "गावातल्या क्लबशी आमचा करार आहे" असं कोच म्हणाल्या. दुसरं दक्षिणेत. ६ कोर्टं, सगळ्यांवर लाइट, इनडोअर अजिबात नाही. दोघांनीही ड्रोनचे व्हिडिओ पाठवलेत आणि व्हिडिओत दोन्हीकडची कोर्टं सारखीच निळीशार दिसतात.

अ) पुरुष आणि महिला अशा दोन टीम मिळून ६ कोर्टं पुरतात का?
आ) तिकडे न जाता सरफेस चांगला की वाईट हे कसं कळेल?
इ) क्लबशी करार म्हणजे प्रत्यक्षात काय असतं?

अभ्यासक्रम आणि स्कॉलरशिपचं वेगळं बघतोय, इथे फक्त सुविधांबद्दल बोलूया.

---

डबल्स_पॉइंट

आधी आकडा ६ का, ते बघा. कॉलेजचा ड्युअल सामना म्हणजे ३ डबल्स आणि ६ सिंगल्स. आधी तिन्ही डबल्स एकाच वेळी, एकेक सेटच्या. तीनपैकी दोन जिंकणाऱ्या टीमला एक पॉइंट. मग सहाही सिंगल्स एकदम सुरू होतात, प्रत्येकीचा एक पॉइंट. एकूण ७, ज्याचे ४ झाले तो जिंकला. म्हणजे सामना एका दमात संपवायला ६ कोर्टं लागतात. चारच असतील तर ५ आणि ६ नंबरच्या खेळाडू बाहेर बसून राहतात, आणि तोवर निकाल लागला तर त्यांचे सामने पुष्कळदा अर्धवट सोडतात किंवा सुरूच होत नाहीत. मुलगी पहिल्या वर्षी ५-६ नंबरवर खेळणार असेल (बहुतेक जणी तिथूनच सुरुवात करतात), तर हे तिच्यासाठी महत्त्वाचं आहे.

सामन्यासाठी ६ पुरे. सरावाचं गणित निराळं. २०२५-२६ पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांना टेनिसमध्ये पुरुष १० आणि महिला १० अशी रोस्टरची (टीममधल्या खेळाडूंच्या संख्येची) मर्यादा आहे. वीस जण ६ कोर्टांवर एकदम मावत नाहीत, त्यामुळे पाळ्या लागतात: एक टीम १ ते ३.३०, दुसरी ३.३० ते ६. इथे लाइटचा प्रश्न येतो. डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेतही साडेपाच-सहाला अंधार पडतो. लाइट असतील तर दुसरी पाळी पूर्ण होते आणि नंतर ज्यांना स्वतःहून खेळायचंय त्यांना जागा मिळते. म्हणून दुसऱ्या विद्यापीठाची "६ पण लाइटसकट" ही परिस्थिती कागदावर दिसते तितकी तोकडी नाही.

पाळ्यांच्या बाबतीत एक प्रश्न जरूर विचारा: चांगली वेळ कायम एकाच टीमला मिळते का? टायटल नाइन हा शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणारा १९७२ चा कायदा सरावाच्या वेळा, लॉकर रूम, कोर्टं या सगळ्याला लागू होतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी वेळा सत्रागणिक अदलाबदल करतात. करत नसतील तर का, ते त्यांना सांगता आलं पाहिजे.

आणि १२ या आकड्याने हुरळून जाऊ नका. त्या बारातली किती टीमसाठी राखीव, किती शारीरिक शिक्षणाच्या तासांना, किती सगळ्या विद्यार्थ्यांना खुली आणि किती पिकलबॉलवाल्यांच्या ताब्यात, हे विचारलं की आकडा पुष्कळदा सहावरच येतो.

---

कोर्टवाला

(आ) चं उत्तर देतो. ड्रोनच्या व्हिडिओवर विश्वास ठेवू नका. ३०-४० मीटरवरून कुठलाही अ‍ॅक्रिलिक सरफेस देखणाच दिसतो.

घरबसल्या पहिलं काम: गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडा (मोबाइलवर नको), विद्यापीठाची कोर्टं शोधा आणि जुन्या वर्षांची चित्रं एकामागून एक बघा. रंग बदलला किंवा फिकट झालेला रंग अचानक गडद झाला, ते रिसरफेसिंगचं (वरचा थर नव्याने दिल्याचं) वर्ष. अ‍ॅक्रिलिक कोट सर्वसाधारणपणे ४ ते ८ वर्षं टिकतात. शेवटचं काम ९-१० वर्षांपूर्वीचं दिसत असेल तर कोचना पुढचं कधी आणि त्याला पैसे मंजूर आहेत का, ते विचारा. काम मुलीच्या पहिल्याच वर्षी निघालं तर काही आठवडे कोर्टं बंद राहणार, हेही लक्षात घ्या.

दुसरं, त्याच चित्रावर मोजपट्टीने मोजा. आधी बेसलाइन (कोर्टाची मागची रेघ) ते बेसलाइन मोजा. ते २३.७७ मीटर यायला हवं. जेवढा फरक येईल तेवढी चूक पुढच्या मापांत धरा. मग बेसलाइनपासून मागच्या जाळीपर्यंतचं अंतर: ६.४० मीटर हवं. डबल्सच्या साइडलाइनपासून बाजूच्या जाळीपर्यंत ३.६६ मीटर. एका कोर्टाची एकूण जागा ३६.५८ बाय १८.२९ मीटर. शेजारच्या दोन कोर्टांच्या साइडलाइनमध्ये १२ फूटच असतील तर ते सोसायटीच्या मापाचं कोर्ट; १८ ते २४ फूट असतील तर सामन्यांचा विचार करून आखलेलं आहे. मधे जाळी नसताना अंतर कमी असलं की शेजारचा चेंडू सतत आत येतो आणि पॉइंट पुन्हा खेळावा लागतो.

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण आहे का, तेही तिथेच दिसेल. पूर्व-पश्चिम असेल तर दुपारच्या सरावात एका बाजूने सर्व्ह करताना ऊन थेट डोळ्यांत.

आता जे वरून दिसत नाही ते. टीममधल्या एखाद्या मुलीशी तुमच्या मुलीचं बोलणं होतच असेल. तिला चार फोटो मागा, फोन गुडघ्याच्या उंचीवर धरून:

– पाऊस थांबून ऊन पडल्यावर तासाभराने कोर्टाचा. कुठे पाणी साचलंय तिथे पाच सेंटचं नाणं आडवं ठेवायचं. ते साधारण २ मिलिमीटर जाड असतं. नाणं बुडालं तर तो खळगा दुरुस्तीचा आहे. चांगलं कोर्ट एकाच प्रतलात, दहा फुटांना एक इंच उतरतं, म्हणजे ०.८३ टक्के. उतार याहून कमी असला किंवा खालची खडी बसली की तळी होतात. ती जागा सुकली की मळकट कडं राहतं, त्यामुळे कोरड्या कोर्टावरही तळी ओळखता येतात.

– बेसलाइनच्या मागे, मधोमध. तिथे पाय घासून अर्धचंद्रासारखा गुळगुळीत, किंचित चकाकणारा पट्टा पडलाय का? रंगात मिसळलेली वाळू झिजली की असं होतं. नवा कोट खरखरीत, म्हणून चेंडू हळू येतो. वाळू झिजत जाते तसं कोर्ट वेगवान होतं. सगळीकडे सारखं झिजलं तर फारसं बिघडत नाही. बेसलाइनला गुळगुळीत आणि सर्व्हिस बॉक्समध्ये खरखरीत, हे मात्र वाईट. दवात पाय घसरतो आणि एकाच कोर्टावर चेंडू दोन तऱ्हेने उसळतो.

– नेटच्या खांबाजवळ. तिथून निघालेल्या भेगा सगळ्यात आधी दिसतात, कारण नेट ताणलं की खांबाचा पाया आतल्या बाजूला ओढला जातो.

– भेगांचा. केसाएवढ्या, जाळ्यासारख्या भेगा बहुधा वरच्या थरात असतात, रिसरफेसिंगमध्ये झाकल्या जातात. कोर्टाच्या आरपार जाणारी सरळ भेग खालच्या डांबरातली असते. ती नुसती भरून रंग मारला तर पुढच्या हिवाळ्यात तिथेच उघडते, कारण थंडीत डांबर आकसतं आणि वरचा भराव तेवढा ताणला जात नाही. भेगेवर जाळीदार कापड चिकटवून त्यावरून कोट दिला तर काही वर्षं टिकते. आसपासच्या रंगापेक्षा वेगळ्या छटेचे सरळ पट्टे दिसले तर भेगा भरलेल्या आहेत असं समजा.

बर्फाच्या प्रदेशात नवी कोर्टं पोस्ट-टेन्शन काँक्रीटची आहेत का, ते विचारा. साधारण ५ इंचाच्या स्लॅबमध्ये प्लास्टिकच्या नळ्यांतून पोलादी केबल जातात आणि काँक्रीट पकडल्यावर त्या ताणतात, त्यामुळे स्लॅब सगळीकडून दाबलेला राहतो आणि भेग उघडत नाही. महाग पडतं, पण मिडवेस्टमध्ये डांबरापेक्षा कितीतरी निश्चिंत. अशा स्लॅबमध्ये नंतर कुणी ड्रिल मारायचं नसतं. केबल तुटली तर काम गेलंच, माणसालाही धोका.

---

मिशिगनकर

कोर्टवाल्यांनी आउटडोअरचं सगळं सांगितलं, पण मिडवेस्टच्या विद्यापीठात ते दुय्यम आहे. ड्युअल सामन्यांचा हंगाम जानेवारीत सुरू होऊन मेपर्यंत चालतो. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग तिथे बाहेर खेळता येत नाही. म्हणजे अर्ध्याहून जास्त हंगाम इनडोअर. ती १२ कोर्टं सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि मग एप्रिलला उपयोगी. तुमच्या मुलीची खरी सुविधा म्हणजे तो क्लब.

करारात काय बघायचं ते सांगतो. क्लब पैसे मिळवतो सभासदांकडून, आणि सभासदांना संध्याकाळी ५ ते ९ हवं असतं. विद्यापीठाला उरलेली वेळ मिळते: पहाटे ६ ते ८ किंवा दुपारी १ ते ३. पहाटेची असेल तर ५.१५ ला उठून उणे १० अंशात व्हॅन पकडायची. दुपारची असेल तर प्रयोगशाळेच्या तासांशी टक्कर होते, सायन्स किंवा इंजिनिअरिंग घेणाऱ्यांना हे फार नडतं. क्लबात कोर्टं किती आणि त्यातली टीमला किती, लीगच्या रात्री करार बाजूला पडतो का, शनिवारी घरचा सामना असताना क्लब सहाच्या सहा कोर्टं देतो का, हे नेमके आकड्यांत विचारा.

इनडोअर चार कोर्टांचं असेल तर वर सांगितलेली ५-६ नंबरची अडचण तिथेही आहेच. जॉर्जिया विद्यापीठाचं डॅन मॅगिल संकुल घ्या, एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धा अनेकदा तिथे झाल्यात. त्यांचंही जुनं इनडोअर चार कोर्टांचं होतं, नवं बांधताना सहाचं केलं.

इमारत पक्की आहे की हवेचा फुगा, तेही विचारा. फुग्यात पंख्यांनी हवेचा दाब राखलेला असतो, म्हणून फिरत्या दारातून आत जायचं. वीज गेली तर जनरेटर लगेच चालू व्हावा लागतो, आणि ओल्या जड बर्फाखाली फुगे बसल्याची उदाहरणं आहेत. आतला आवाज घुमतो, चेंडू रॅकेटला लागल्याचा नेमका नाद कळत नाही, सवय व्हायला वेळ लागतो. कडेला छत खाली येतं, त्यामुळे उंच लॉब मारताना भान ठेवावं लागतं: छताला लागलेला चेंडू म्हणजे मारणाऱ्याचा पॉइंट गेला. नेटवर निदान ९ मीटर तरी उंची हवी.

---

ऊन_पाऊस

मिशिगनकरांशी सहमत, पण दक्षिणेला फार झुकतं माप देऊ नका. तिथे बर्फ नाही, वादळ आहे. वीज कडाडली की कोर्ट रिकामं करायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, असा एनसीएएचा दंडक. मधे पुन्हा गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. पाऊस थांबल्यावर रबरी पट्टीने पाणी लोटायचं, मग स्पंजच्या रोलरने टिपायचं. उतार बरोबर असेल तर पाऊण तासात कोर्ट खेळण्याजोगं होतं. तळी असतील तर त्या जागा टॉवेलने पुसत बसा. इनडोअर अजिबात नाही म्हटल्यावर विचारा: मार्चमध्ये घरचा सामना पावसात सापडला तर कुठे हलवता? "जवळच्या गावात, तासाभरावर" हे उत्तर चालेल. "बघू तेव्हा" हे चालणार नाही.

लाइटबद्दल: सामन्यांच्या दर्जाला सरासरी ५०० लक्स (प्रकाशाचं माप), बऱ्या सरावाला ३०० आणि कोर्टभर प्रकाश एकसारखा. खांब साइडलाइनच्या बाजूला हवेत, बेसलाइनच्या मागे नकोत, नाहीतर सर्व्हसाठी चेंडू वर टाकला की दिवा डोळ्यांत. रात्री ८ ला सर्व्हचा फोनवर काढलेला व्हिडिओ मागा, लगेच कळेल.

---

बेसलाइन_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारभर गूगल अर्थवर बसलो. दक्षिणेतलं: बेसलाइन ते बेसलाइन २३.९ आलं, मागे ५.६ मीटर, दोन कोर्टांमध्ये साधारण साडेपाच. उत्तर-दक्षिण आहेत. चार वर्षांपूर्वी रंग बदललेला दिसतोय. टीममधल्या मुलीने फोटो पाठवले, ४ नंबरच्या कोर्टावर आडवी सरळ भेग आहे, बाकी ठीक. मागची जागा कमी पडते का?

मिडवेस्टच्या कोचनी फेब्रुवारीचं टाइमटेबल दिलं: क्लबची ४ कोर्टं, सोमवार ते शुक्रवार, १ ते ३. दक्षिणेत सोमवार ते शनिवार रोज अडीच तास, सहाही कोर्टं.

---

कोर्टवाला

५.६ ला थोडी चूक धरली तरी पावणेसहाच्या आत आहे. शिफारशीपेक्षा कमी, पण खेळता येण्यासारखं. त्रास कुणाला? टॉपस्पिन सर्व्ह फार मागे उभं राहून घेणाऱ्यांना. मुलगी बेसलाइनवरून किंवा आतून रिटर्न घेत असेल तर तिला जाणवणारही नाही. मागच्या जाळीवर वाऱ्याचा पडदा आहे का, तोही बघा. पडदा सैल असेल तर वाऱ्यात आत फुगतो आणि आणखी अर्धा फूट जातो.

४ नंबरची भेग: तिच्या कडा वरखाली आहेत का, ते बोट फिरवून बघायला सांगा. दोन्ही कडा एका पातळीत असतील तर फक्त उसळी बिघडेल. एक कड वर आली असेल तर पाय अडकतो, ते दुरुस्त व्हायलाच हवं.

---

डबल्स_पॉइंट

टाइमटेबलचं गणित करू. मिडवेस्ट: ४ कोर्टं × २ तास × ५ दिवस = आठवड्याला ४० कोर्ट-तास. एका कोर्टावर दोघी धरल्या तर ८० खेळाडू-तास, दहा जणींत वाटले तर प्रत्येकीला ८. दक्षिण: ६ × २.५ × ६ = ९० कोर्ट-तास, म्हणजे प्रत्येकीला १८. पावसात एक दिवस गेला तरी १५.

आता गरज किती? हंगामात एनसीएएची मर्यादा आठवड्याला २० तास, दिवसाला ४, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच धरतात. दोन सामने म्हणजे ६, जिमचे ३, उरले ११. सामन्यांच्या त्या दोन दिवसांत सराव जवळपास होणारच नाही, म्हणून दक्षिणेतले १८ पूर्ण वापरता येणार नाहीत, पण ११ सहज निघतील. मिडवेस्टमध्ये ३ तासांची तूट आहे, आणि सामना शुक्रवारी आला तर ती वाढेल.

ही तूट कोच कशी भरून काढतात ते विचारा. काही जण एका कोर्टावर चौघींना घेऊन फीडिंगचे ड्रिल करतात, त्याने फटके वाढतात, पण पूर्ण कोर्टावर पॉइंट खेळणं कमी होतं. काही ठिकाणी शनिवारी-रविवारी क्लबची मोकळी कोर्टं टीमच्या खर्चाने घेतात. १ ते ३ दरम्यान ज्यांचा तास आहे त्यांचं काय, हेही त्यातच येतं.

---

ताण_५२

उशिरा आलो. तीन गोष्टी राहिल्या.

स्ट्रिंगिंग मशीन टीमचं आहे का, आणि विणतं कोण? पॉलिएस्टर तार वापरणाऱ्या मुलीला हंगामात आठवड्याला एखादं-दोन रॅकेट सहज लागतात. मिडवेस्टमध्ये इनडोअरहून एप्रिलच्या थंडीत बाहेर आलं की चेंडू मरतो, ताण दोनेक पौंड उतरवतात. तेव्हा मशीन जवळ असेल तर बरं.

अ‍ॅथलेटिक ट्रेनर सरावाच्या वेळी कोर्टावर असतो की दुसऱ्या इमारतीत? क्लब बाहेर असेल तर हा प्रश्न जास्त गंभीर. घोटा मुरगळला तर बर्फ कुठून आणणार?

प्रत्येक कोर्टावर कॅमेरा आहे की फक्त १ नंबरवर? ऑर्लँडोच्या यूएसटीए (अमेरिकन टेनिस संघटना) नॅशनल कॅम्पसमध्ये कॉलेज सामन्यांसाठी १२ कोर्टांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे प्लेसाइटचे कॅमेरे बसवलेले आहेत. आता बऱ्याच विद्यापीठांतही ते असतात. कोचला त्यावर फटक्यांचं विश्लेषण करता येतं, आणि तुम्हाला पुण्यातून ५ नंबरचा सामना बघता येतो. दुपारी १ चा सामना म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत आपल्याकडे रात्री साडेअकरा, जर विद्यापीठ पूर्वेकडच्या वेळेत असेल तर. मध्य वेळेत असेल तर साडेबारा. घड्याळं पुढे सरकली की दोन्हींतून एक तास वजा.